दोन केबली, एकच आयडी: प्रोग्राममधून यूएसबी डिव्हाइसची यादी कशी काढायची (विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर)

गावाकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी छोटा प्रोग्राम लिहून दिलाय, पायथनमध्ये. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला फॅट मशीन, आणि पावती छापायला थर्मल प्रिंटर. काटा आणि फॅट मशीन दोन्ही जुन्या पद्धतीची, म्हणजे मागे आरएस २३२ चं नऊ पिनांचं सॉकेट, त्यामुळे दोघांनाही यूएसबी टू सीरियलची केबल लावलेली. पहिल्या व्हर्जनमध्ये मी सरळ लिहून टाकलं होतं की काटा म्हणजे कॉम ३ आणि फॅट मशीन म्हणजे कॉम ४. महिनाभर मस्त चाललं आणि मग एक दिवस सकाळी साडेपाचला फोन, "दादा, काटा वजनच दाखवंना, आन् बाहेर लाईन लागलीय." कुणीतरी झाडताना केबल काढून शेजारच्या पोर्टात घातली होती, विंडोजने तिला नवा नंबर दिला कॉम ७, आणि माझा प्रोग्राम बसला कॉम ३ ची वाट बघत.

तर मग ठरवलं की प्रोग्रामनेच चालू झाल्यावर काय काय जोडलंय ते शोधायचं. केंद्रावर विंडोज, माझ्याकडे उबंटू, आणि ज्याच्याबरोबर मी हे काम करतो त्याच्याकडे मॅक, म्हणजे तिन्हीवर चालायला पाहिजे. या भानगडीत जे जे शिकलो ते खाली लिहितोय. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीयत, एडिटरमध्ये दोन अक्षरं टाईप केलीत की ऑटोकम्प्लीट पुढचं सांभाळेल.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, नक्की कसली यादी पाहिजे? यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे यूएसबीच्या बसवर जे जे आहे ते सगळं, हब, वेबकॅम, पेनड्राइव्ह, लॅपटॉपच्या आतलं ब्लूटूथसुद्धा. दुसरी म्हणजे फक्त सीरियल पोर्ट, म्हणजे विंडोजवर कॉम अमुकतमुक आणि लिनक्सवर टीटीवाययूएसबी शून्य वगैरे. तिसरी एचआयडी, म्हणजे कीबोर्ड, माऊस, बारकोड स्कॅनर या जातीची. बहुतेकांना हवी असते दुसरी, पण सर्च केलं की सगळीकडे लिबयूएसबी लिबयूएसबी (यूएसबी डिव्हाइसशी थेट बोलणारी लायब्ररी) दिसतं आणि माणूस पहिलीच्या मागे लागतो. मी पण लागलो, चार दिवस घालवले, आणि शेवटी लक्षात आलं की मला डिव्हाइस नको होतं, पोर्टचं नाव हवं होतं.

थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण पुढे ज्या एरर येतात त्या सगळ्या यातूनच येतात. डिव्हाइस खुपसलं की कॉम्प्युटर त्याला एक पत्ता देतो (१ ते १२७ मधला) आणि त्याच्याकडून १८ बाइटांचा एक डिस्क्रिप्टर मागून घेतो. त्यात व्हेंडर आयडी म्हणजे व्हीआयडी (कंपनीचा नंबर), प्रॉडक्ट आयडी म्हणजे पीआयडी (त्या वस्तूचा नंबर), डिव्हाइसचा क्लास असं सगळं आकड्यांत असतं. कंपनीचं नाव, प्रॉडक्टचं नाव आणि सीरियल नंबर मात्र त्या १८ बाइटांत नसतात, तिथे फक्त "नाव अमुक नंबरच्या स्ट्रिंगमध्ये आहे" एवढंच लिहिलेलं असतं आणि ती स्ट्रिंग डिव्हाइसला पुन्हा वेगळी विचारावी लागते. हे नीट डोक्यात ठेवा. आकडे ऑपरेटिंग सिस्टिमकडे आधीच पडून असतात, ते कुणालाही मिळतात, पण लिबयूएसबीतून नावं विचारायची तर आधी डिव्हाइस उघडावं लागतं आणि उघडायचं म्हणजे परमिशन आली, ड्रायव्हर आला, सगळा संसार आला.

आता कामाचं. सीरियल पोर्टच हवे असतील तर पायसीरियल ही पायथनची लायब्ररी घ्या आणि बाकी काही बघू नका. पिपने इन्स्टॉल करताना पॅकेजचं नाव पायसीरियल असं पूर्ण लिहा, नुसतं सीरियल लिहिलंत तर त्या नावाचं भलतंच एक पॅकेज येतं आणि मग इम्पोर्ट करताना विचित्र एरर. तसंच स्वतःच्या फाईलला सीरियल डॉट पीवाय असं नाव देऊ नका, पायथन तुमचीच फाईल इम्पोर्ट करून बसतं (हसू नका, केलंय मी). मग सीरियल डॉट टूल्स डॉट लिस्ट अंडरस्कोर पोर्ट्स हे मॉड्यूल घ्यायचं, त्यातलं कॉमपोर्ट्स हे फंक्शन बोलवायचं, आणि जी यादी येईल तिच्यावर लूप लावायचा. प्रत्येक आयटममध्ये डिव्हाइस म्हणजे पोर्टचं नाव, व्हीआयडी, पीआयडी, सीरियल नंबर, लोकेशन, डिस्क्रिप्शन एवढं मिळतं. पोर्ट उघडत नाही, ॲडमिन लागत नाही, तिन्ही सिस्टिमवर तोच कोड. तीन ओळींत काम होतं खरंच.

पण छापताना एक गोष्ट करा, व्हीआयडी आणि पीआयडी हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) छापा, चार अंकी. मी पहिल्यांदा तसंच प्रिंट केलं तर ६७९० आणि २९९८७ असं काहीतरी आलं आणि हे आकडे नेटवर कुठेच सापडेनात. हेक्समध्ये बघितलं तर १ए८६ आणि ७५२३, म्हणजे बाजारातली सगळ्यात स्वस्त सीएच ३४० चिप, जी दर दुसऱ्या केबलमध्ये आणि दर स्वस्तातल्या अर्दुइनोमध्ये असते. अजून दोनतीन आकडे ओळखीचे करून ठेवा, ०४०३ आणि ६००१ दिसलं की एफटीडीआयची चिप, १०सी४ आणि ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्सची सीपी २१०२, आणि ०६७बी २३०३ म्हणजे प्रोलिफिक.

दुसरं, व्हीआयडी रिकामा असू शकतो, पायथनच्या भाषेत नन. मॅकवर ब्लूटूथचा एक पोर्ट कायम यादीत दिसतो, तो यूएसबी नाहीच त्यामुळे त्याला आयडी नाही, आणि हेक्समध्ये फॉरमॅट करायला गेलात की प्रोग्राम तिथेच झोपतो. आधी नन आहे का बघा, असेल तर सोडून द्या. मॅकवर टर्मिनलमध्ये हाताने बघितलंत तर एकाच केबलची दोन नावं दिसतील, एक सीयूने सुरू होणारं आणि एक टीटीवायने, तुम्ही सीयूवालं वापरा, दुसरं उघडताना कॅरियर सिग्नलची वाट बघत अडकू शकतं. पायसीरियल स्वतः सीयूवालंच देतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावावरून ओळखायला जाऊ नका. मी माझ्या उबंटूवर प्रॉडक्टच्या नावात यूएसबी सीरियल आहे का असं तपासलं होतं, इथे झकास चाललं आणि केंद्रावरच्या विंडोजवर एकही पोर्ट सापडेना. कारण विंडोजवर पायसीरियल प्रॉडक्ट हे फील्ड भरतच नाही, आणि डिस्क्रिप्शनमध्ये जे नाव दिसतं ते केबलने सांगितलेलं नसतंच, ते ड्रायव्हरच्या फाईलमधून येतं. तीच केबल, तोच लूप, नावं तीन वेगळी. आकडे मात्र तिन्हीकडे सारखे. म्हणून जुळवायचं ते कायम व्हीआयडी पीआयडीने, नाव फक्त माणसाला दाखवायला.

लिनक्सवाल्यांसाठी दोन टिपा. पोर्ट यादीत दिसतो पण उघडताना परमिशन नाही म्हणतो, तर तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये नाहीये (उबंटू, डेबियनवर हाच ग्रुप), त्यात टाका आणि लॉगआउट करून परत या. आणि उबंटू २२.०४ वर सीएच ३४० लावली की पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो असं झालं तर वेडे होऊ नका, बीआरएलटीटीवाय नावाची ब्रेल डिस्प्लेसाठीची सर्व्हिस आहे ती याच १ए८६ ७५२३ आयडीला आपलं समजून केबल हिसकावून घेते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) तिचं नाव दिसेल. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका, काम झालं.

आता ज्यांना खरोखरच सगळी बस बघायचीय त्यांच्यासाठी लिबयूएसबी. सी मध्ये लिहित असाल तर क्रम असा, आधी इनिट, मग गेट डिव्हाइस लिस्ट, मग प्रत्येकासाठी गेट डिव्हाइस डिस्क्रिप्टर, शेवटी फ्री डिव्हाइस लिस्ट आणि एक्झिट. फ्री करताना दुसरा आर्ग्युमेंट १ द्या म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा रेफरन्सही कमी होतो, ० दिलंत तर मेमरी हळूहळू गळत राहते, आणि दर दोन सेकंदाला यादी काढणारा प्रोग्राम असेल तर ते कळतं. पायथनमध्ये पाययूएसबी घ्या, त्यात यूएसबी डॉट कोअर मधलं फाइंड, आणि त्याला फाइंड ऑल ट्रू द्यायचं. फाइंड ऑल दिलं नाहीत तर पहिलं सापडलेलं एकच डिव्हाइस देऊन गप्प बसतं.

इथे पहिला दगड लागतो तो नो बॅकएंड अव्हेलेबल या एररचा. पाययूएसबी म्हणजे नुसतं पायथनचं वेष्टन आहे, आत खरी लिबयूएसबी लागते आणि ती वेगळी आणावी लागते. लिनक्सवर बहुधा असतेच. मॅकवर होमब्रूने टाका, पण एम सिरीजच्या मॅकवर होमब्रू ती ऑप्ट होमब्रूच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि तुमचा पायथन दुसरीकडचा असेल तर त्याला ती सापडत नाही, तेव्हा पायथनही होमब्रूचाच घ्या. विंडोजवर डीएलएल फाईल द्यावी लागते. सगळ्यात कमी डोकेदुखी म्हणजे पिपवर लिबयूएसबी पॅकेज नावाचंच एक पॅकेज आहे, त्यात तिन्हीसाठीची तयार फाईल येते, फक्त फाइंडला बॅकएंड तिकडून घ्यायला सांगा.

दुसरा दगड, वर सांगितलेला. आकडे आरामात छापले जातात आणि जसं डॉट प्रॉडक्ट लिहिता तसा एक व्हॅल्यू एरर, डिव्हाइसला लँग आयडी नाही म्हणून. लँग आयडी गेला कुठे म्हणून शोधत बसू नका, बहुतेक वेळा तो परमिशनचाच प्रॉब्लेम असतो, डिव्हाइस उघडताच आलं नाही म्हणून भाषा विचारता आली नाही. एका डिव्हाइसने नाही म्हटलं म्हणून पूर्ण यादी मरायला नको, म्हणून प्रत्येक स्ट्रिंग वेगळ्या ट्राय एक्सेप्टमध्ये वाचा आणि नाही मिळाली तर रिकामी ठेवा. आणि लिनक्सवर यासाठी प्रोग्राम सुडोने चालवायची सवय लावू नका, यूडेवचा (लिनक्समध्ये डिव्हाइसची परमिशन ठरवणारी यंत्रणा) एक नियम लिहा ज्यात तुमचा व्हेंडर आयडी असेल आणि युॲक्सेस हा टॅग असेल, फक्त त्या फाईलच्या नावातला नंबर ७३ च्या आधीचा ठेवा नाहीतर टॅग लागत नाही. पण खरं सांगू का, लिनक्सवर नुसती यादीच हवी असेल तर सिस बस यूएसबी डिव्हायसेस हे फोल्डर उघडा, प्रत्येक डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये आयडीव्हेंडर, आयडीप्रॉडक्ट, मॅन्युफॅक्चरर, प्रॉडक्ट, सीरियल अशा साध्या टेक्स्ट फाइली आहेत. कर्नलने खुपसताक्षणी सगळं विचारून लिहून ठेवलेलं असतं. परमिशन नको, लायब्ररी नको.

विंडोजवर लिबयूएसबीने डिव्हाइस उघडायला गेलात की सपोर्टेड नाही असं उत्तर येतं, कारण तिथे त्या डिव्हाइसला विनयूएसबी ड्रायव्हर लागतो. मग नेटवर कुठेतरी वाचतो की झॅडिग नावाचं टूल वापरा आणि ड्रायव्हर बदला. मी हेच केलं, तेही केंद्रावरच्या मशीनवर, संध्याकाळच्या दुधाच्या आधी तासभर. ड्रायव्हर बदलला, स्ट्रिंग वाचता आली, मी खूश, आणि कॉम पोर्ट गायब. अर्थात गायब होणारच, त्या टूलने सांगितलं तेच केलं, सीरियलचा ड्रायव्हर काढून त्याजागी विनयूएसबी बसवला, चूक पूर्ण माझी. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते डिव्हाइस अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर पण डिलीट करा या चौकोनात टिक करून, केबल काढून परत लावली तेव्हा जुना ड्रायव्हर आला. तोपर्यंत केंद्रावरचे तात्या वहीत हाताने वजनं लिहीत होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते. तेव्हा नुसत्या यादीसाठी ड्रायव्हरला हात लावायचा नाही, कधीच नाही.

विंडोजवर न उघडता नाव हवं असेल तर सिस्टिमलाच विचारा. पॉवरशेलमध्ये गेट पीएनपी डिव्हाइस ही कमांड, तिला प्रेझेंट ओन्ली लावायचं, नाहीतर आजवर कधीकाळी जोडलेली सगळी भुतं पण यादीत येतात. त्यातल्या इन्स्टन्स आयडीमध्ये व्हीआयडी, पीआयडी आणि शेवटच्या तुकड्यात सीरियल नंबर असतो. त्या तुकड्यात अँडचं चिन्ह दिसलं तर मात्र तो डिव्हाइसचा खरा सीरियल नाही, विंडोजने पोर्टवरून स्वतः बनवलेला आहे असं समजा. सी किंवा सी प्लस प्लसवाले हेच सेटअप एपीआयने करतात. मॅकवर आयओरेग कमांडला पी आयओयूएसबी दिलं की झाडासारखी पूर्ण रचना दिसते, कोडमधून आयओकिट. रस्ट लिहिणाऱ्यांनी एनयूएसबी बघा, ती लिबयूएसबीशिवाय थेट सिस्टिमकडूनच यादी आणि नावं घेते, डिव्हाइस उघडत नाही, मला तिची रचना फार आवडली पण केंद्रासाठी परत सगळं रस्टमध्ये लिहायची ताकद नव्हती.

आता मूळ दुखणं. यादी मिळाली, दोन पोर्ट दिसले, दोन्हीवर १ए८६ ७५२३. काटा कुठला आणि फॅट मशीन कुठलं? सीरियल नंबर बघावा तर या स्वस्त सीएच ३४० केबलींना तो नसतोच. सीपी २१०२ वाल्या केबलीत असतो पण कारखान्यातून बऱ्याच वेळा ०००१ असाच येतो, म्हणजे दोन आणल्यात तर दोघी ०००१. एफटीडीआयमध्ये बहुतेक वेळा वेगळा असतो.

सीरियल नसेल तर लोकेशन वापरा. पायसीरियल लोकेशनमध्ये १-१.४ असं काहीतरी देतं, म्हणजे बस एक, पोर्ट एक, तिथे हब, त्याचा चौथा पोर्ट. डिव्हाइसचा पत्ता दरवेळी काढघाल केली की बदलतो, तो कुठेही सेव्ह करू नका, लोकेशन मात्र भोक तेच असेल तर तेच राहतं. फक्त त्याची लिहिण्याची पद्धत तिन्ही सिस्टिमवर एकसारखी नाही, त्यामुळे ते त्या त्या मशीनच्या सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नको. पण आमच्याकडे झाडणारा माणूस भोक बदलतो हाच तर प्रॉब्लेम होता.

म्हणून शेवटी मी ऐकायचं ठरवलं. आमचा काटा चालू असला की न विचारता वजन पाठवत राहतो, आणि फॅट मशीन सँपल टेस्ट झाल्यावरच बोलतं. तर प्रोग्राम चालू झाला की त्या आयडीचे सगळे पोर्ट एकेक करून ९६०० च्या वेगाने (बॉड रेट) उघडतो, दोन सेकंद ऐकतो, वजनाच्या साच्यातलं काही आलं तर तो काटा, उरलेलं फॅट मशीन. हा ९६०० आकडा आणि साचा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत बघा, प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. आणि पोर्ट उघडणं हे काही निरुपद्रवी नसतं, अर्दुइनो उनोसारखा बोर्ड असेल तर पोर्ट उघडला की तो रीसेट होतो, तेव्हा दिसेल तो पोर्ट उघडत सुटू नका, आधी आयडीने गाळा. शिवाय फॅट मशीनची केबल बदलून एफटीडीआयची आणली, थोडे पैसे जास्त गेले पण आता आयडीच वेगळा.

बारकोड स्कॅनर किंवा तसलं काही असेल तर एचआयडीएपीआय, पायथनमध्ये एचआयडी मॉड्यूलचं इन्यूमरेट. एकच स्कॅनर यादीत दोनतीनदा दिसेल, कारण एकाच डिव्हाइसमध्ये अनेक इंटरफेस असतात, घाबरू नका, आयडी आणि सीरियल धरून एकत्र करा.

मधेच केबल काढली घातली तर कळायला लिबयूएसबीमध्ये हॉटप्लग कॉलबॅक आहे, पण तो सगळीकडे चालेलच असं धरू नका, विंडोजवर वर्षानुवर्षं नव्हता, आधी हॅज केपेबिलिटीने विचारून घ्या. मी सरळ दर दोन सेकंदाला कॉमपोर्ट्स बोलवतो आणि आधीच्या यादीतून वजा करतो. नवीन पोर्ट दिसल्या दिसल्या उघडायला गेलात तर कधीकधी नाही म्हणतो, अर्धा सेकंद थांबून दोनतीनदा प्रयत्न करा. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालवून यादी रिकामी येतेय म्हणणाऱ्यांनो, तिथे विंडोजचं यूएसबी आपोआप येत नाही, यूएसबीआयपीडीने जोडून द्यावं लागतं. ब्राउजरमधून करायचं असेल तर क्रोममध्ये वेबयूएसबी आहे पण युजरने स्वतः निवडून परवानगी दिलेलीच डिव्हाइस दिसतात, सगळी नाही.

एक शेवटचं काम नक्की करा, तुमच्या प्रोग्राममध्ये एक बटन ठेवा जे दाबलं की सगळी यादी, पोर्ट, आयडी, लोकेशन, मोठ्या अक्षरात स्क्रीनवर येईल. मागच्या आठवड्यात परत साडेपाचला फोन आला, मी अंथरुणातूनच म्हटलं तात्या, ते निळं बटन दाबा आणि फोटो पाठवा. फोटोत फॅट मशीन होतं, प्रिंटर होता, १ए८६ वालं काहीच नव्हतं. म्हटलं काट्याची केबल कुठंय बघा जरा. दोन मिनिटं शांतता, मग म्हणाले, "पोरानं मोबाईलच्या चार्जरात घातलीय."